अंगठा

राजेश्वरनं प्रयोगशाळेतून आणलेल्या काचपट्ट्यांवर डुकराचे गर्भ आहेत, हे कळल्याबरोबर त्याच्या वडिलांनी, मन्मथअप्पांनी, आपल्या किराणा दुकानातलं दोन किलोचं वजन उचललं.

"डुक्कर? आन् लिंगायताच्या घरात? काहून आणलंस?"

"अप्पा, काचेच्या बशीत वाढवलेले गर्भ हायेत. त्यांच्यातली गुणसूत्रं कमी-जास्त कशानं होतात, ते मी..."

पहिल्याच घावात पट्ट्यांचा डबा फुटला. उरलेल्या पट्ट्या वाचवायला राजेश्वरनं हात आडवा घातला, तरी वजन खाली आलंच. अंगठ्याचं नख उपटून निघालं. मग कानशिलात बसली, मग कमरेत लाथ. शॅम्पूच्या पुड्यांच्या माळांसकट तो फरशीवर आपटला.

"बाटवलंस घर! गळ्यातलं लिंग काढून ठेव आन् चालता हो!"

शेवटी अप्पांनाच दम लागला. आतून आईचा, शांतादेवींचा, रडवेला आवाज आला, "ताट वाढलंय. आदी सुई टोचून घ्या."

अप्पांच्या साखरेचं औषध राजेश्वरच आणायचा आणि टोचायचाही तोच. तो उठला, हात धुऊन आला. त्यानं इन्सुलिनची बाटली काढली.

"तारीख दाव," अप्पा दुकानदाराच्या सवयीनं म्हणाले.

राजेश्वरनं बाटली त्यांच्या चष्म्यासमोर धरली. तारखेच्या वर बारीक इंग्रजीत 'डुकरापासून तयार केलेले' असं छापलेलं होतं. त्या ओळीवर त्यानं तो ठेचलेला अंगठा ठेवला, रोज ठेवायचा तसाच.