हळदीची पट्टी

नारळ खोवताना मुकुंदरावांचं बोट विळीवर कापलं, त्याला सहा दिवस झाले होते. पंचाहत्तरीत जखम लवकर भरत नाही, हे त्यांच्या बायकोला, प्रमिलाबाईंना, स्वतःच्या पोटरीवरच्या जखमेवरून ठाऊक होतं. ती दोन महिने चिघळत होती. म्हाताऱ्या पेशींना पुन्हा विभागायला लावून आयुष्य लांबवणारी लस आली, तेव्हा दोघांनी मिळून नकार लिहून दिला होता. जायचं ते दोघांनी बरोबरच, असं मुकुंदरावच म्हणाले होते.

पण ते पट्टी रोज दार लावून बदलत. "अजून ओली आहे गं," म्हणत.

आज जुनी पट्टी बेसिनपाशी राहिली. प्रमिलाबाईंनी उलगडून पाहिली. नुसती हळद होती, रक्ताचा ठिपकासुद्धा नव्हता.

जेवण झाल्यावर त्यांनी नवऱ्याचा हात ओढून पट्टी सोडली. बोटावर कापल्याची रेघही उरली नव्हती.

"कधी टोचून घेतलंत?"

"दिवाळीआधी," ते खाली बघत म्हणाले. "तुला सांगणारच होतो."

प्रमिलाबाईंनी डब्यातली हळद घेतली, त्या धडधाकट बोटावर चोपडली आणि पट्टी पुन्हा घट्ट बांधली.

"मी आहे तोवर सोडू नका."