नागपूर ते पुणे, सव्वा तास

"नागपूरहून विमानाला सव्वा तास लागतो. गाडीनं आणायचं तर अख्खा दिवस गेला असता," विलास डोईफोडे हॉस्पिटलच्या बाकावर शेजारी बसलेल्या सलीमभाईंना सांगत होता. तिथे अपघातात गेलेल्या एका तरुणाचं हृदय पुण्याला निघालं होतं, विलासच्या लेकीसाठी, ऋचासाठी. सलीमभाईंची शाहीनही त्याच वॉर्डात, त्याच आजारानं झिजत होती. दोघींचा रक्तगटही एकच.

"तुमच्या पोरीचाही नंबर लागेल. धीर धरा," विलास म्हणाला. सलीमभाई कसंनुसं हसले.

तेवढ्यात डॉक्टरबाई बाहेर आल्या. "ऋचाला ताप चढलाय. रक्तात इन्फेक्शन निघालंय. आज ऑपरेशन केलं तर ती टेबलावरच जाईल. हे हृदय आता शाहीनला देतोय."

"थोडं थांबा ना, उतरेल ताप!"

"बाहेर काढलेलं हृदय तेवढं टिकत नाही हो."

सलीमभाई उठले, पुन्हा बसले. "विलासभाऊ, मी काही मागितलं नव्हतं," ते पुटपुटले. विलासनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो खिडकीशी गेला. आभाळ लख्ख मोकळं होतं. ज्या विमानासाठी सकाळपासून देवाला हात जोडले, ते आता पोचू नये, वाटेत कुठेतरी कोसळावं, असं त्याला अगदी मनापासून वाटलं.

विमान वेळेवर उतरलं. शाहीनला आत नेताना सलीमभाईंनी त्याचा हात घट्ट धरला.

"तुम्हीपण दुआ करा, भाऊ."

"करतोय," विलास म्हणाला.