अंजनाची पाठ

स्टुडिओवाल्या शेषरावानं साऱ्या कारंजा गावाचे फोटो काढले. बायकोचा मात्र एकच. त्यात अंजनाची उघडी पाठ होती, पाठीवर खिडकीतलं ऊन आणि खांद्यावरून मागं वळलेला हसरा चेहरा. “माही पाठ मले कधी दिसलीच नाही, काढा,” तीच म्हणाली होती. मग कोणाच्या हाती लागायला नको म्हणून निगेटिव्हही तिनंच चुलीत घातली. पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात ती काविळीनं गेली. तेरवीला हार घालायला दुसरा फोटोच नव्हता. सासूनं तो पाहिला आणि डोळे मिटले. “झाका तिले, जवाईबापू. लोकं थुकतील.” शेषरावानं रंगाची डबी उघडली. हिरवं लुगडं कमरेपासून वर चढत गेलं. “पदरबी घ्या डोक्यावरून.” त्यानं पदर रंगवला. गळ्याशी टिकलीएवढा उजेड उरला होता. सासूनं बोट दाखवलं, “हे काय चमकून राह्यलं?” “ऊन हाय,” म्हणत त्यानं त्यावरही ब्रश फिरवला.