सगळ्यांत जुनी वस्तू

"आजोबा, काचेवर वाफ धरतेय. तो रखवालदार बघतोय तुमच्याकडे," श्रेया म्हणाली.

दादाभाऊ गुरुजी हलले नाहीत. काचेपलीकडे एक दगड होता. तळहाताएवढा, पाण्याच्या थेंबासारखा. एका टोकाला निमुळता, दोन्ही अंगांनी टवके काढून धार आणलेला.

स्पेनमधल्या बुर्गोस शहरात ते लेकीकडे आले होते. सकाळी अश्विनीने त्यांना मध्ययुगातलं मोठं चर्च दाखवलं. मान दुखेपर्यंत वर बघावं, एवढे त्याचे मनोरे. हे शहर पूर्वी लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालं, असं ती म्हणाली, तेव्हा गुरुजी हसून म्हणाले, "म्हणजे हे सगळं मेंढरांनी बांधलं म्हण की!" दुपारी ती कामावर गेली आणि दहा वर्षांची नात त्यांना या संग्रहालयात घेऊन आली. आदिमानवाच्या वस्तू बघायला.

"काय लिहिलंय गं याच्या पाटीवर?"

श्रेयाने वाचून मराठीत सांगितलं, "हा दगड माणसाने घडवलाय. हातात धरायची कुऱ्हाड. चार लाख वर्षांपेक्षा जुनी."

गुरुजी मागच्या बाकावर जाऊन बसले.

हा दगड त्यांनी पाहिला होता. हाच नव्हे, याचा भाऊ. हा तांबूस, तो काळा होता. घडण तीच.

चाळीस वर्षं झाली. कुकडीकाठच्या एका वाडीवर ते नवे शिक्षक होते. इतिहास शिकवायचा म्हणून त्यांनी पोरांना सांगितलं, घरातली सगळ्यांत जुनी वस्तू उद्या घेऊन या. कुणी शिवराई आणली, कुणी पणजीचा अडकित्ता, कुणी मोडीतला कागद. शेवटी सावळेराम उठला. धनगराचं पोर, शाळेत येऊन जेमतेम महिना झालेला. त्याने खिशातून दगड काढला आणि टेबलावर ठेवला.

"गुरुजी, ह्यो समद्यांत जुना."

"मग अख्खा डोंगरच उचलून आणायचास की रे!" गुरुजी म्हणाले.

वर्ग पोट धरून हसला. गुरुजीही हसले. हसता हसता त्यांनी तो दगड खिडकीतून बाहेर टाकला.

दुसऱ्या दिवसापासून सावळेराम शाळेत आला नाही. त्यात नवल नव्हतं. मेंढ्यांचा वाडा चाऱ्यासाठी पुढच्या गावाला हलला, की बिऱ्हाडासोबत धनगरांची पोरंही जात. गुरुजींनी हजेरीत त्याच्या नावापुढे 'स्थलांतर' असं लिहिलं. निवृत्तीच्या समारंभात ते ताठ मानेने म्हणाले होते, "माझ्यामुळे एकाही पोराची शाळा सुटली नाही."

त्यांनी श्रेयाचा हात धरला आणि बाहेर अंगणात येऊन फोन काढला. सावळेरामचा नंबर त्यांच्याकडे होता. दर उन्हाळ्यात तो गुरुजींच्या गावी, पिंपळवंडीला, त्यांच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायचा. भेटला की आधी पाया पडायचा. त्या दगडाचा विषय कधी निघाला नव्हता. गुरुजी तर तो विसरूनच गेले होते.

"गुरुजी! आवो तुमी परदेशात ना? आन् तिथनं मेंढक्याला फोन? बिल लई येईल की!" मागे मेंढ्या ओरडत होत्या.

"बिल येत नाही यावर. सावळ्या, तू शाळेत एक दगड आणला होतास. आठवतो?"

 "आठवतो की."

"तो खरंच सगळ्यांत जुना होता रे. लाखो वर्षांपूर्वी माणसाने हाताने घडवलेला. तसलाच इथे काचेत ठेवलाय, लोक तिकीट काढून बघतात. तू बरोबर होतास, मी चुकलो. पण एवढ्याशा वयात तुला कळलं कसं?"

सावळेराम मोकळेपणी हसला. "मला काय कळतंय, गुरुजी! आमच्या पालात जुनं काय असनार? मडकीसुदिक दर साली नवी. तुमी तर आनाया सांगितल्यालं. मग नदीत हिंडलो सांजपातूर. म्हनलं, दगडापरीस जुनं काय असतंय?"

 एका हुशार पोराची माफी मागायची, एवढं गुरुजींनी बाकावर बसल्या बसल्या ठरवलं होतं. आता त्यांच्या डोळ्यांपुढे दिवस मावळेपर्यंत पाण्यात वाकून गुरुजींसाठी काहीतरी शोधणारं पोर उभं राहिलं.

एकच प्रश्न उरला होता. तो विचारू नये असं त्यांना फार वाटलं. नात त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"सावळ्या, तुझी शाळा… तेव्हा तुमचा वाडा हलला म्हणून सुटली ना रे?"

"जाऊ द्या, गुरुजी. लई वरसं झाली त्याला."

"खरं सांग मला."

"वाडा हलला न्हवता," सावळेराम हळूच म्हणाला. "पुढं दोन महिनं आमी शाळंच्या मागच्या रानातच व्हतो. तुमी पोरांकडनं पाढं म्हनून घ्यायचा ना, तवा मी बांधावर बसून संगं म्हनायचो. तिसापातूर पाठ हायेत, गुरुजी. म्हनून दावू?"