सतराव्याचं घड्याळ

“काका, चाळीसच्या चाळीस सर्व्हर आता एका फाइलवरून आपोआप सेट होणार. तुमची वही रद्दीत टाका आणि सोमवारपासून स्टोअर सांभाळा,” तरुण साहेबांनी फर्मावलं. एकोणीस वर्षं काका त्याच वहीत बघून एकेक सर्व्हर हातानं सेट करत आले होते. “फाइल मीच लिहीन,” ते म्हणाले. शुक्रवारी सगळ्यांदेखत त्यांनी कळ दाबली. पडद्यावर एकोणचाळीस नावं हिरवी झाली, सतरावं लाल. “म्हाताऱ्यानं माती खाल्ली,” कुणीतरी पुटपुटलं. काकांनी वही उघडली: ‘सतराव्याचं घड्याळ मागे पडतं, आधी ते लावा.’ हीच ओळ फाइलमध्ये उतरवायची राहिली होती. ती घालून त्यांनी पुन्हा कळ दाबली. बाकीच्यांना धक्काही न लागता सतरावं हिरवं झालं. “बघू ती वही,” साहेबांनी हात पुढे केला. “ही इथेच राहील, साहेब,” काका म्हणाले, “आणि मीसुद्धा.”