दोघांपुरती जागा

बेल वाजली तेव्हा शिक्षिका आतल्या खोलीत होती आणि तिचा नवरा बाहेरच्या. दोघंही दार उघडायला निघाली, एकमेकांना पाहून दोघंही थांबली. शेवटी त्याने उघडलं.

घर विकायचं दोघांनी मिळून ठरवलं होतं. त्याआधी वेगळं व्हायचंही मिळूनच ठरलं होतं. मोठं भांडण असं झालंच नव्हतं. गेलं वर्षभर ती दोघं एकमेकांशी बोलत, पण भिंतीशी बोलल्यासारखी. ‘गॅलरीची किल्ली दिसत नाही,’ असं तो हवेत म्हणायचा आणि ती किल्ली टेबलावर आणून ठेवायची, हातात द्यायची नाही.

एजंटच्या मागून तिघं जण आत आली. एक वायरमन, त्याची पोटुशी बायको आणि त्याची आई.

‘अगं बाई, केवढं मोठं आहे!’ आई दारातूनच म्हणाली. मुलाने डोळे वटारले. घर घ्यायला आलेल्याने असं बोलायचं नसतं.

वायरमनने आधी सगळी बटणं खालीवर करून पाहिली, बोर्डावर टकटक केलं, मान डोलावली. मग माणसं बसवायला सुरुवात झाली.

‘आई, तू इथे. या भिंतीला लागून.’

‘मला कशाला एवढी जागा? मी गॅलरीत पडेन. इथे धाकट्याला दे. रात्रपाळी करून येतो तो, दिवसा त्याला धड झोप नको?’

‘आणि पाळणा?’ सुनेने विचारलं.

‘माझ्यापाशी.’

‘म्हणजे बाळ पण गॅलरीत?’

तिघंही हसली. एजंटही हसला.

शिक्षिका आतल्या दारात उभी राहून ऐकत होती. चार माणसं आणि एक यायचं होतं ते, तिच्या घरात इकडून तिकडे हलवली जात होती, आणि दर वेळी थोडी जागा उरतच होती.

टेबलाच्या एका टोकाला तिचे तपासायचे पेपर होते. दुसऱ्या टोकाला नवऱ्याचं काम. तो दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून द्यायचा. आजचा पसारा आवरायचा राहूनच गेला होता. म्हाताऱ्या बाई तिथे वाकल्या आणि दचकून मागे झाल्या.

‘हे कोण हसतंय?’

‘आमचं गिऱ्हाईक आहे,’ तो म्हणाला.

‘बरं आहे बाई. घर दाखवायला माणूस असावं तर असं.’

सून स्वयंपाकघरात जाऊन ओटा बघून आली. कपाट उघडलं. दुधाची पातेली दोन, साखरेचे डबे दोन, चहाची गाळणीसुद्धा दोन. तिने एका डब्याला हात लावला.

‘तो त्यांचा,’ शिक्षिका म्हणाली.

सुनेने कपाट हळूच लावून घेतलं आणि ती आतल्या खोलीकडे वळली.

‘ही खोली उन्हाळ्यात तापते का हो?’

तिने शिक्षिकेला विचारलं होतं. उत्तर मागून आलं.

‘दुपारची तापते,’ नवरा म्हणाला. ‘पण पलंग खिडकीला लावायचा आणि उशी या बाजूला. पहाटे चांगला वारा येतो. हिला उकाडा जरासुद्धा सोसत नाही, म्हणून ऊन वाढलं की मी पलंग फिरवतो.’ तो थांबला. ‘फिरवायचो.’

शिक्षिकेने खाली पाहिलं. यंदा पलंग तिने एकटीनेच ओढला होता. फरशीवर लांब ओरखडा उठला होता. त्याचं लक्ष त्या ओरखड्याकडे गेलेलं तिने पाहिलं. ‘हिला’ असं तो आपल्याविषयी शेवटचं कधी म्हणाला होता, ते तिला आठवेना.

‘चहा टाकते,’ ती म्हणाली.

कप कमी पडले. दोन तिने त्याच्या फळीवरून घेतले. विचारलं नाही.

एजंट आणि वायरमन कप घेऊन गॅलरीत गेले. दार ओढून घेऊन त्यांचं काहीतरी हळू आवाजात चाललं. सून पाय लांब करून खुर्चीवर टेकली. म्हाताऱ्या बाई बशीत चहा ओतून फुंकर घालत होत्या.

‘घरात दोघंच तुम्ही?’

‘दोघंच,’ शिक्षिका म्हणाली. ‘मुलगी असते लांब, तिच्या घरी.’

‘मग इतकं चांगलं घर सोडताय कशाला?’

शिक्षिकेने नवऱ्याकडे पाहिलं. तो कपात पाहत होता.

‘जागा कमी पडते,’ तो म्हणाला.

‘आई,’ सून हळूच म्हणाली, ‘आपल्याला काय करायचंय?’

‘तसं नव्हे गं. असतं एकेकाचं. सामान वाढतं, वय वाढतं.’ म्हाताऱ्या बाईंनी समजुतीने मान हलवली. ‘आता ऐसपैस घेतलं असेल मोठं घर.’

गॅलरीचं दार उघडलं. वायरमन आत आला. त्याने आईकडे पाहून डोळ्यांनीच ‘जमलं’ म्हटलं. सून खुर्चीतून उठायला लागली.

‘नाही,’ शिक्षिका म्हणाली. ‘दोन लहान घेतली.’

वायरमन होता तिथेच थांबला. एजंट खिशात काहीतरी शोधू लागला. म्हाताऱ्या बाईंनी शिक्षिकेकडे पाहिलं, मग तिच्या नवऱ्याकडे. बशीतला शेवटचा घोट संपवला, पदराने ओठ टिपले.

‘पुरतील?’ त्यांनी विचारलं.