शोभनाबाईंची साक्ष

"उद्या चार वाजता घरी या," कृष्णराव फोनवर म्हणाले. "तुमची साक्ष लागेल. आधार कार्डाची झेरॉक्स आणा. आणि पलकला यातलं काही कळता कामा नये."

फोन बंद झाला तरी शोभनाबाई तो कानाला लावून उभ्याच होत्या.

साक्ष. मल्हारगंजात मराठी घरांतूनही हिंदी 'गवाही'च चालते. साक्ष हा शब्द त्यांच्या कानावर फक्त रविवारी पडायचा. एका भाड्याच्या हॉलमध्ये, अकरा माणसांसमोर उभं राहून, येशूने आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. त्याला साक्ष देणं म्हणतात. कृष्णरावांनी नेमका तोच शब्द वापरला म्हणजे त्यांना त्या अकरांपैकीच कुणीतरी सांगितलं होतं.

पलक ही कृष्णरावांच्या मुलीची मुलगी. दहावीत, आणि गणिताला शोभनाबाईंकडे. गेल्या महिन्यात परीक्षेच्या आदल्या दिवशी ती रडायला लागली तेव्हा शोभनाबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून अर्धं मिनिट प्रार्थना केली होती. प्रार्थना त्रिकोणमितीसाठी होती. पण धर्मांतराचा कायदा कडक, पोरगी पंधरा वर्षांची, आणि तक्रार लिहिणारा त्रिकोणमितीचा उल्लेख करेलच असं नाही. शिकवणी तर बंद होणारच होती. पुढे कोठडीही होती.

त्यांनी नचिकेतला फोन लावला. तो त्यांचा पास्टर. तीन वर्षांचा रीतसर कोर्स केलेला, प्रमाणपत्र फ्रेममध्ये.

"ताई, तुम्ही एक शब्द बोलू नका," तो म्हणाला. "तुम्हाला ट्रेनिंग नाही. काही चुकीचं बोललात तर सगळेच अडकू."

"मग तुम्ही चला ना सोबत."

"मी आलो असतो हो. पण उद्या रतलामला निघतोय."

"काल तर देवास म्हणालात."

"देवासवरूनच जातो ना रतलामला," नचिकेत म्हणाला आणि प्रार्थनेत आठवण ठेवीन असं आश्वासन देऊन मोकळा झाला.

दुसऱ्या दिवशी दार कृष्णरावांनी स्वतः उघडलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, ताठ. त्यांचे पणजोबा होळकरांच्या दरबारात अधिकारी होते आणि ती नोकरी अजून सुटली नसावी, असं त्यांच्याकडे बघून वाटायचं. शोभनाबाई आत येताच त्यांनी कडी लावली.

बैठकीत एक तरुण वकील पोह्यांवर शेव पसरत होता. बाजूला टाइप केलेले कागद पालथे ठेवले होते.

"हे प्रणव, वकील," कृष्णराव म्हणाले.

"बैठा, मॅडमजी." वकिलाने हात पुसले, पेन काढलं. "पूर्ण नाव? वडिलांचं? वय?"

शोभनाबाईंनी सांगितलं.

"एक साक्षीदार तर मी आहेच," वकील लिहिता लिहिता म्हणाला. "तुम्ही इथे आपल्या मर्जीने आलात ना? कुणाचा दबाव, लालूच, असं काही? नंतर कोर्टात हेच विचारतात, काय आहे ना."

दबाव, लालूच. हे शब्द त्यांनी धर्मांतराच्या बातम्यांत वाचले होते.

नाही म्हणून टाकावं, त्यांना वाटलं. हॉल नाही, रविवार नाही, मी फक्त गणित शिकवते. पाच सेकंदांचं काम. मग उरलेला जन्म त्या पाच सेकंदांबरोबर काढायचा.

"दबाव नाही," त्या म्हणाल्या. "लालूचही नाही. काकासाहेब, तुम्हाला साक्ष हवी आहे ना? मग ऐका. मला नीट सांगता येत नाही, मी काही शिकलेली नाही यातलं."

"अरे मॅडमजी, इतकं काही—"

कृष्णरावांनी वकिलाकडे न बघता हात वर केला.

"आई गेली तेव्हा मी बहिणीला, मंजिरीला, सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले, तू मारलंस तिला. वेळेवर दवाखान्यात नेलं नाहीस. अकरा वर्षं तिचं तोंड पाहिलं नाही. बरोबर होते ना मी! बरोबर असण्याचा इतका त्रास होतो हे मला माहीत नव्हतं. मग माझं ऑपरेशन झालं. तिथल्या एका नर्सने मला येशूचं सांगितलं. मी वाद घातला तिच्याशी, हिशेबी बाई मी. पण त्याने मला माफ केलंय हे एकदा पटलं, आणि मग मंजिरीला माफ न करणं जमेना. गेले तिच्या दारात. तिने दार आपटलं. परत गेले. परत आपटलं. चौथ्या वेळी तिने पाणी आणून दिलं."

"मग?" कृष्णरावांनी विचारलं.

"मग काही नाही. चमत्कार वगैरे नाही, काकासाहेब. पाणी, तेही कोमट. पण मी घरी येऊन झोपले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. पलकच्या डोक्यावर हात मी ठेवला होता. तिची काही चूक नाही. येशूला मी मानते. आता लिहा काय लिहायचं ते."

पंखा फिरत होता. वकिलाचं तोंड उघडं होतं आणि पोहे गार झाले होते.

"काकाजी," तो शेवटी म्हणाला, "मग सही घेऊ ना मॅडमची?"

वकिलाने कागद सुलटे करून पुढे सरकवले, शेवटच्या पानावर बोट ठेवलं. शोभनाबाईंनी पेन घेतलं. कशावर सही करून आपण आत जातोय ते तरी बघावं, म्हणून त्यांनी पानं उलटून पहिलं पान काढलं.

वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: मृत्युपत्र. खाली: 'माझा मुलगा यशवर्धन याने माझ्या मर्जीविरुद्ध लग्न केल्याने गेली नऊ वर्षे माझा त्याच्याशी संबंध नाही व पुढेही राहणार नाही...'

कृष्णरावांनी त्यांच्या हाताखालून कागद ओढून घेतले आणि उभे फाडले.

"अरे काकाजी, साक्ष राहिली ना अजून!" वकील ओरडला.

"झाली," कृष्णराव म्हणाले.